क्रिस्टाचा नंबर

वेन डेस्ट्रीने लाकडी वल्हं कढईत तळापर्यंत घातलं आणि दोन्ही हातांनी रेटून बूया ढवळला. कोंबडी, बैलाच्या शेपटीचं मांस, कोबी, गाजर, वाटाणे, सगळं पहाटेपासून एकत्र रटरटत होतं आणि आता त्यातलं काय कुठलं ते ओळखू येत नव्हतं. बूया झाला याची खूण तीच. वल्हं थांबलं की तळ लागतो आणि तळ लागला की गाव वर्षभर नावं ठेवतं, म्हणून मोठ्या कढईचं काम नेहमी वेनकडे असे.

शिकागोच्या बेअर्सशी फुटबॉलचा सामना ग्रीन बेत असला की आदल्या शनिवारी चर्चच्या मागच्या अंगणात बूया शिजणारच. लोक घरून बादल्या, डबे, पातेली घेऊन रांगेत उभे राहत आणि रांगेत बोलायला विषय एकच असे. एरवी गावचे पॅकर्स कुणाकडून हरले तर ग्रीन बे दोन दिवस तोंड पाडून बसतं आणि मग आपापल्या कामाला लागतं. बेअर्सकडून हरले तर मात्र रस्त्यात शिकागोकडची गाडी दिसली तरी पोटात दुखतं. एकाच विभागातले संघ, वर्षातून दोनदा गाठ पडायचीच, आणि खुन्नस आजोबांच्या काळापासूनची. ती अशी सहजासहजी शिळी होत नाही.

"यंदा त्यांची बचावफळी दमदार आहे हां," शेजारच्या कढईवरून गॉर्डी हेरलाश म्हणाला.

"कागदावर," वेन म्हणाला. "उद्या उत्तरेचा वारा आहे. त्यांचे हात गारठणार. आपण सुरुवातीला चेंडू उगाच हवेत फेकायचा नाही. जमिनीवरून पळवायचा, त्यांच्या अंगावर जायचं, दमवायचं. आणि शेवटी शेवटी..."

"अरे मग प्रशिक्षकाला फोन लाव ना! बिचारा तुझ्या सल्ल्यावाचून अडून बसलाय."

रांगेतली माणसं हसली. वेनही हसला. कागदगिरणीत गॉर्डी आणि तो एकाच यंत्रावर उभे राहून म्हातारे झाले होते आणि गॉर्डीच्या टोमण्यांची त्याला इतकी सवय होती की ते नसले तर चुकल्यासारखं वाटे.

गॉर्डीने वल्ह्याला लागलेला रस्सा कढईच्या काठावर झटकला. "उद्या आम्ही पार वर आहोत. शेवटून दुसरी रांग. ट्रॅव्हिस म्हणतो, बाबा, तिथून ढग हाताला लागतात. तुम्ही कुठे?"

"आम्ही म्हणजे कोण?"

"तू आणि तुझी लेक, आणखी कोण? एप्रिलमध्ये आमच्या ट्रॅव्हिसचा नंबर लागला, मला त्याने परवा सांगितलं. क्रिस्टा तर त्याच्या पुढे होती. मी म्हटलं, डेस्ट्रींना जरा खालच्या जागा मिळाल्या असतील, म्हणून लेकाचा इतके दिवस मिशीतल्या मिशीत हसतोय."

वेनचं वल्हं थांबलं.

पॅकर्सच्या सामन्याची कायमची जागा मिळवायची तर यादीत नाव घालायचं आणि वाट बघायची, हे ग्रीन बेत लहान पोरालाही ठाऊक असतं. वाट बघायची म्हणजे काही महिने नव्हेत. माणसं तरुणपणी नाव घालतात आणि काठी टेकत जागेवर बसायला जातात, किंवा जातच नाहीत. वेनचा बाप एमिल तर यादीत असतानाच गेला. त्याचं नाव तसंच पुसलं गेलं आणि त्याच्या मागचा कुणीतरी अनोळखी माणूस एका पायरीने वर सरकला. बापाला पुरून आल्यावर वेनने मनाशी ठरवलं होतं की आपण असा वेडेपणा करायचा नाही. यादीत मोठ्या माणसाचं नाव घालणं म्हणजे नाव फुकट घालवणं. घालायचं तर तान्ह्या पोराचं घालावं.

पुढे क्रिस्टा आणि ट्रॅव्हिस एकाच आठवड्यात, एकाच दवाखान्यात जन्मले. दोघे बाप दाढी न करता, रात्रपाळीच्या कपड्यांतच तिकीट कार्यालयात गेले. दाराशी पोचल्यावर गॉर्डी म्हणाला होता, "तू हो पुढे, तुझी पोरगी आहे." वेन पुढे झाला. क्रिस्टा आधी, ट्रॅव्हिस तिच्या मागे. खिडकीतल्या बाईने विचारलं होतं, "तुमचं स्वतःचं नाही घालत?" त्यावर वेन म्हणाला होता, "मी कशाला, माझा नंबर लागेपर्यंत मी मातीत." दोघे मित्र यावर पोट धरून हसले होते.

"वेन! लागतंय ना खाली!"

त्याने घाईघाईने वल्हं फिरवलं. "हो," तो म्हणाला. "आहोत ना. आम्ही पण उद्या."

"पण कुठे?"

"ते तिलाच माहीत. मला काही सांगत नाहीये. गंमत करायची असेल तिला."

हे वाक्य त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्यालाही कळलं नाही. पण गॉर्डीला तेवढं पुरलं. त्याने वल्हं उंच धरलं आणि रांगेकडे तोंड करून ओरडला, "ऐका हो! डेस्ट्रींचाही नंबर लागलाय! एवढा मोठा माणूस आणि अजून कढई ढवळतोय!"

टाळ्या वाजल्या. कुणीतरी वेनच्या पाठीवर थाप मारली. पैसे घ्यायला बसलेली म्हातारी ल्युसिल, जिने एमिलला ओळखलं होतं, ती खुर्चीतून अर्धवट उठली आणि म्हणाली, "वेन, आज तुझ्या बापाने हे ऐकायला हवं होतं रे."

"हो ना," वेन म्हणाला, आणि कढईत बघत राहिला.

घरी जाताना बादलीच्या कडीने त्याचा हात कापला जात होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. आधी त्याला राग आला. एप्रिल ते ऑक्टोबर! एवढ्या दिवसांत किती वेळा फोन झाला असेल. पोरगी मिलवॉकीतली थंडी, तिच्या तान्ह्या नोराचे दात, गळकं छत, सगळं सांगते आणि हे सांगत नाही? मग चालता चालता रागाची जागा दुसऱ्याच गोष्टीने घेतली. तो गॉर्डीला जे बोलला ते खरंच असेल तर? दरवर्षी बेअर्सच्या सामन्याला क्रिस्टा घरी येतेच. आज संध्याकाळी जेवायच्या वेळी ती सांगणार असेल. तिला लहानपणापासून अशी सवय आहे, भेटवस्तू पाठीमागे लपवून उभी राहायची. कोपऱ्यावर वळेपर्यंत वेनची खात्रीच पटली होती. त्याच्या घरापासून स्टेडियमची वरची कड दिसे. त्या कडेकडे त्याने आज असं पाहिलं, जसं माणूस आपल्या नव्या घराकडे बघतो.

तळघरातून त्याने हरणाच्या शिकारीचा जाड नारिंगी सूट काढला. उद्याच्या वाऱ्यात उघड्यावर बसायचं तर तोच हवा. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, म्हणून मागच्या दारी दोरीवर वाळत घातला. बापाची बसायची गादीही काढली, हिरव्या रेक्झिनची, एका कोपऱ्यात फाटलेली. ती त्याने ओल्या फडक्याने पुसली. एमिल ती गादी घेऊन कधीमधी कुणाच्या तरी उसन्या तिकिटावर सामन्याला जायचा आणि परत आल्यावर आठवडाभर शेजारच्याच्या जागेचं कौतुक सांगायचा.

वेनची बायको मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी पुसत उभी होती.

"सूट कशाला काढलास?" तिने विचारलं.

"असू दे. हवा लागू दे त्याला."

 एकच बशी ती बराच वेळ पुसत राहिली.

वेनच्या डोक्यात तेव्हा आणखी एक गुपित होतं आणि त्यामुळे तो मनातल्या मनात खूश होता. फेब्रुवारीत नोरा जन्मली, त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून त्याने फोनवरून तिचंही नाव यादीत घातलं होतं. हल्ली खिडकीशी जावं लागत नाही. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. क्रिस्टा जेवताना आपली बातमी सांगेल, मग आपण आपली सांगू, असं त्याने ठरवलं.

संध्याकाळी क्रिस्टा, तिचा नवरा ब्रेंट आणि नोरा आले. ब्रेंट मूळचा इलिनॉयचा, म्हणजे बेअर्सचा. दारातच त्याने डोक्यावरची निळी टोपी काढून सासऱ्यापुढे लवून नमस्कार केल्यासारखं केलं.

"ती कुत्र्याच्या घरात ठेव," वेन म्हणाला.

"तुमच्याकडे कुत्रा नाही, वेन."

"तुझ्या टोपीसाठी आणीन."

सगळे हसले. क्रिस्टाने बापाच्या गालाला गाल लावला आणि नोराला त्याच्या हातात दिलं. नोराने त्याच्या चष्म्याला हात घातला. सगळं कसं दरवर्षीसारखं होतं. मार्लिसने बूया गरम केला, खारी बिस्किटं काढली, क्रिस्टाने आणलेला क्रिंगल, गोड सारणाचा गोल पाव, मध्ये ठेवला. ब्रेंटने ब्रँडीचे पेले भरले. उद्याच्या सामन्यावर बोलणं सुरू झालं. ब्रेंट म्हणाला की यंदा बेअर्स विभागात पहिले येणार. वेन म्हणाला की दरवर्षी ऑक्टोबरमध्ये ते पहिलेच येतात आणि डिसेंबरमध्ये कुठे असतात ते देवाला माहीत. बोलता बोलता तो क्रिस्टाकडे बघत होता. आता सांगेल. क्रिंगल कापताना सांगेल.

क्रिंगल संपला. क्रिस्टा नोराचं तोंड पुसू लागली.

शेवटी वेनच म्हणाला, "गॉर्डीच्या ट्रॅव्हिसला जागा मिळाल्या. एप्रिलमध्ये."

क्रिस्टाचा हात नोराच्या हनुवटीवर थांबला. मार्लिसने बिस्किटांची पिशवी उचलली आणि विनाकारण तिची घडी घालू लागली. ब्रेंट एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "म्हणजे तू अजून सांगितलंच नाहीस त्यांना?" तो बायकोला म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याने पेला तोंडाला लावला.

"काय सांगायचं होतं?" वेनने विचारलं. अजूनही त्याला आशा होती, आणि त्या आशेची त्याला पुढे फार लाज वाटली.

"बाबा," क्रिस्टा म्हणाली, "मी नको म्हणून कळवलं."

"कुणाला?"

"त्यांनाच. ऑफिसला. नोरा दोन महिन्यांची होती. मला रात्रीची झोप नव्हती. त्यांना लगेच उत्तर हवं होतं."

"मला विचारायचंस. मी भरले असते पैसे. मी गेलो असतो. तुझं नुसतं नाव, जाणार मीच होतो."

"मी नाव काय म्हणून ठेवायचं? दर सामन्याला तू म्हणणार, चल. दोन तास गाडी हाकत मी येणार, नोराला घेऊन. आणि नाही आले तर तू फोनवर गप्प बसणार. मला माहिताय ना तुझं गप्प बसणं!"

"तुला आवडायचं की. लहानपणी तू..."

"मला गाडीत तुझ्याबरोबर रेडिओ ऐकायला आवडायचं," क्रिस्टा म्हणाली.  "फुटबॉल मला कधीच आवडला नाही, बाबा. तू कधी विचारलंच नाहीस."

वेनने मार्लिसकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

"ती मला विचारत होती, बाबाला सांगू का म्हणून," मार्लिस म्हणाली. "मी म्हटलं, नको सांगूस. तिला तुला नाही म्हणता येत नाही, वेन. कधीच आलं नाही. म्हणून मी म्हटलं, त्याला म्हणता येत नसेल तर त्यांनाच म्हण. तिला वाईट नको वाटायला, म्हणून..."

"मी दुपारी सूट वाळत घातला तेव्हा तू खिडकीत होतीस."

मार्लिसने पिशवीची घडी आणखी लहान केली.

"गादी पुसत होतो मी. बापाची. आणि तू बघत उभी होतीस."

तो उठला. आपण आरडाओरडा करू असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. ताटली उचलून त्याने मोरीत ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर गेला. सूट दोरीवर वाऱ्याने हलत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, असं त्याला वाटलं. परक्याने केलं असतं तर शिव्या घालता आल्या असत्या. इथे कापणाऱ्या दोघी त्याच्याच ताटात वाढत होत्या, फोनवर त्याच्या गुडघ्याची चौकशी करत होत्या, आणि सहा महिने मूग गिळून बसल्या होत्या. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की त्या दिवशी खिडकीशी त्याने स्वतःचं नाव लिहिलं असतं, तर एप्रिलमध्ये त्याचाच नंबर लागला असता. तो अजून मातीत गेला नव्हता. गुडघा सोडला तर ठणठणीत होता.

लांब स्टेडियमचे दिवे लागले होते. उद्या पॅकर्स हरले तरी चालेल, असं त्याच्या मनात आलं. हरावेतच. बेअर्सनी त्यांना त्यांच्याच मैदानात लोळवावं. आयुष्यात असलं कधी त्याच्या मनात आलं नव्हतं, आणि तो एवढा दचकला की त्याने अंधारात मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

रविवार उजाडला. दर सामन्याला वेन घरापुढच्या हिरवळीवर बाहेरगावच्या लोकांच्या गाड्या लावून घेई. त्यांना हात करून बोलवायचं, नीट ओळीत घालायचं, त्यांच्याशी चार गोष्टी बोलायच्या, हा त्याचा आवडीचा उद्योग. आज त्याने नारिंगी सूट चढवला, गादी काखेत मारली आणि फाटकातून बाहेर पडला.

"कुठे चाललास?" मार्लिसने विचारलं.

"सामन्याला."

"तिकीट कुठाय?"

"सगळ्या चर्चला सांगितलंय मी, की आमचा नंबर लागला," वेन म्हणाला. "ल्युसिललासुद्धा."

मार्लिसच्या चेहऱ्यावर एकदम सगळं उमटलं. ती आत गेली आणि गरम कॉफीचा थर्मास घेऊन आली. तो त्याने घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. मागे हिरवळीवर ब्रेंट बेअर्सची निळी टोपी घालून पॅकर्सवाल्यांच्या गाड्या लावायला लागला होता आणि ज्याची त्याची बोलणी खात होता.

रस्ता माणसांनी भरला होता. भाजलेल्या ब्राट सॉसेजचा धूर, बिअर, हिरवेपिवळे स्वेटर, शिकागोहून आलेल्यांचे निळे घोळके, एकमेकांना मारलेले टोमणे. एरवी वेन या गर्दीतून चालताना दहा जणांशी तरी भांडून घ्यायचा. आज तो कडेकडेने चालला. स्टेडियमच्या दरवाजासमोर एक कठडा होता, त्याला टेकून तो उभा राहिला. थोडा वेळ इथे दिसायचं, लोकांना हात करायचा, सगळे आत गेले की लांबच्या रस्त्याने फिरायचं आणि सामना सुटायच्या वेळी गर्दीबरोबर घरी जायचं, असं त्याने ठरवलं होतं. उद्या कुणी विचारलं, कुठे बसला होतास, तर काय सांगायचं तेही त्याने येता येता ठरवून टाकलं होतं. एवढ्या वयात असली तयारी करावी लागते याचं त्याला रडू येत होतं.

गॉर्डी आणि ट्रॅव्हिस दिसलेच. मागे चर्चमधले आणखी दोघेतिघे होते.

"इथे काय करतोयस? चल की आत! राष्ट्रगीत होईल आता!"

"येतो. क्रिस्टाची वाट बघतोय."

"कुठे आहे ती?"

वेनने गादी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.  गॉर्डीचा हसरा चेहरा थोडा गंभीर झाला. तो मित्राकडे, त्याच्या काखेतल्या गादीकडे बघू लागला.

"आले, आले!" मागून आवाज आला.

क्रिस्टा गर्दीतून धावत येत होती. तिने आईचा जुना हिरवा कोट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिला धाप लागली होती. ती बापाच्या बाजूला उभी राहिली आणि तिने त्याच्या दंडात हात अडकवला.

"नोरा झोपेचना," ती गॉर्डीला म्हणाली. "काका, तुम्ही व्हा पुढे. आमचा दरवाजा पलीकडचा आहे."

"जागा कशा आहेत गं?"

"झकास," क्रिस्टा म्हणाली. "बाबाला अजून सांगितलं नाही. त्याला आत गेल्यावरच कळू दे."

"बघ, म्हणतच होतो मी!" गॉर्डीने वेनच्या पोटात बोट खुपसलं. "नशीब काढलंस लेका!"

ते आत गेले. गर्दी हळूहळू ओसरत गेली. आत राष्ट्रगीत झालं, वरून सलामीची विमानं गेली, आणि मग एकदम मोठा आरडाओरडा झाला. वेनने थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि क्रिस्टापुढे धरली. तिने एक घोट घेऊन परत दिली. कठडा बर्फासारखा गार होता. वेनने बापाची गादी त्यावर ठेवली. दोघांना पुरेल एवढी ती नव्हती, तरी दोघे तिच्यावर टेकले.

"तुला यायची गरज नव्हती," तो म्हणाला.

"आईने सांगितलं, तू सगळ्यांना काय सांगून बसलायस ते."

"तुम्ही मला सहा महिने फसवलंत, क्रिस्टा."

"हो."

"हे मी विसरणार नाही."

"मला माहिताय."

आत पुन्हा गलका झाला, मोठा, लांबलचक, चढत गेलेला.

"काय झालं?" क्रिस्टाने विचारलं.

"आपले पुढे सरकतायत. धावून. मी म्हटलं होतं ना, जमिनीवरून पळवा म्हणून." तो नकळत सरळ झाला होता. "आवाजावरून कळतं. आपल्यांनी टचडाउन केला तर असा आवाज येईल की इथला कठडा हलेल. बेअर्सनी काही केलं की काहीच ऐकू येत नाही. सगळं स्टेडियम मुकं होतं. ते झालं की तुलाही लगेच कळेल."

"लहानपणी गाडीत तू असंच सांगायचास," क्रिस्टा म्हणाली. "रेडिओवाल्याच्या आधी."

 तिने डोकं त्याच्या खांद्याला लावलं. सूटला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आत काय चाललंय ते तो ऐकत होता, पण कालची ती इच्छा, पॅकर्स हरावेत ही, आता त्याला शोधूनही मनात सापडत नव्हती. उलट आपले जिंकावेत असं त्याला फार मनापासून वाटू लागलं होतं, आणि तेही तिच्या शेजारी बसून ऐकताना.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"नोराचं नाव नाही ना घातलंस?"

 झाकणातली कॉफी त्याच्या अंगठ्यावर सांडली. क्रिस्टा त्याच्याकडे बघत नव्हती. समोरच्या बंद दरवाजाकडे बघत ती वाट पाहत होती, आणि तिचा हात त्याच्या दंडात तसाच होता.

"नाही," वेन म्हणाला.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना. तिला विचारल्याशिवाय कसं घालीन?"

क्रिस्टाने श्वास सोडला. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि त्याच्या आणखी जवळ सरकली.

आत स्टेडियम एकाएकी गप्प झालं.

"काय झालं, बाबा?"

वेनने ओला अंगठा सुटाला पुसला.

"बेअर्सनी केला," तो म्हणाला.